पापाचे वाटेकरी

मराठीत गुंडास 'दादा' म्हणतात. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, तीत काही विलक्षण आहे असे कोणास वाटत नाही. ज्या शब्दाने धाकटी बहीण वडील भावास हाक मारते, त्याच शब्दाने बाजारातील दुकानदार हप्ता मागावयास येणाऱ्यास ओळखतो. पुढे मुंबईत 'दादा' काहीसा मागे पडून 'भाई' पुढे आला. तो शब्दही भावाचाच. भायखळ्याच्या दगडी चाळीतील टोळीच्या नायकास तर सगळी मुंबई 'डॅडी' म्हणून ओळखू लागली आणि त्याच्या पत्नीस 'मम्मी' हे नाव मिळाले. टोळीतील मानमरातबास नावे देण्याची वेळ आली, तेव्हा लोकांनी ती दरबारातून, पलटणीतून किंवा पेढीवरून घेतली नाहीत. ती घरातून घेतली. शब्द असे उगाच रूढ होत नाहीत. टोळी मुलास जे देते ते घराने द्यावयाच्या वस्तूंसारखे दिसते, एवढे अनुमान ह्या नावांवरून काढावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखात ह्याच अनुमानाचा थोडा पाठपुरावा करण्याचा विचार आहे. आणि त्यास जे निमित्त घडले, ते आम्हांस फारसे भूषणावह नसले तरी, प्रथम सांगणे प्राप्त आहे.

बदलापूरच्या पश्चिम भागात मांजर्ली येथे आमचे वास्तव्य आहे. एके काळी जेथे भाताची खाचरे होती, तेथे आता इमारती आहेत. येथील बहुतेक कुटुंबे मुंबई-ठाण्यात परवडेल अशी जागा न मिळाल्यामुळे आलेली. घर येथे आणि पोट तिकडे, असा सगळा संसार. आणि ह्या दोहोंच्या मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा सुमारे ६८ किलोमीटरांचा लोहमार्ग. पहाटे पाच-साडेपाचला जी माणसे स्टेशनच्या पुलावर धावताना दिसतात, तीच रात्री नऊ-साडेनऊला त्याच पुलावरून पाय ओढीत परततात. आम्हीही त्याच गाडीचे प्रवासी असल्याने हे दृश्य आम्हांस वर्षानुवर्षे परिचयाचे आहे.

आमच्या शेजारच्या इमारतीत असेच एक कुटुंब राहते. वडील मुंबईत एका इमारतीवर पहारेकरी. बारा तासांची पाळी. आई अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात माल बांधण्याचे काम करते. मुलगा पाचवी-सहावीत असताना अपूर्णांक शिकावयास आमच्याकडे येत असे. आठवीपासून येईनासा झाला. तो का येत नाही, ह्याची चौकशी आम्ही केली नाही. पुढे तो चौकातील कट्ट्यावर बसलेला दिसू लागला. सायंकाळी आम्ही तेथून जाऊ लागलो की तो उठून उभा राही व 'सर' म्हणे. आम्ही मान हलवून पुढे जात असू. गेल्या वर्षी, त्याला सोळा सरून सतरावे लागले असताना, दोन मोठ्या मुलांबरोबर चोरीच्या मोटारसायकलीवर तो सापडला. वय अठराच्या आत असल्याने त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेले व त्याची रवानगी भिवंडीच्या निरीक्षणगृहात झाली.

तिसऱ्या दिवशी मुलाची आई आमच्या दाराशी आली. "सर, तुम्ही एकदा भिवंडीला येऊन दोन शब्द सांगितलेत तर ते लोक ऐकतील. तुमच्याकडं शिकायला येत होता ना तो," एवढेच त्या म्हणाल्या. आमच्या कॉलेजात परीक्षा चालू होत्या. हे दिवस परीक्षांचे आहेत, आणि अलीकडे मुलगा आमच्याकडे येतही नव्हता, असे आम्ही त्यांस सांगितले. दोन्ही वाक्ये खरी होती, आणि दोन्ही सबबी होत्या. "बरं, सर," म्हणून त्या जिना उतरून गेल्या. आणखी चार दिवसांनी मुलगा सुटून आला. वकील कोणी दिला, धावपळ कोणी केली, ह्याची चौकशी करता जे नाव कळले ते ज्याच्या कट्ट्यावर तो बसत असे त्या 'दादा'चे होते. जे काम करावयास आमची विनवणी झाली होती, ते त्याने विनवणीवाचून केले.

तेव्हापासून वाल्याची कथा आमच्या मनातून जात नाही. ती लहानपणी प्रत्येक मराठी घरात ऐकावयास मिळते. वाटमारी करणाऱ्या वाल्यास नारद विचारतात की, ज्यांच्यासाठी तू हे पाप करतोस, ते ह्या पापाचे वाटेकरी होतील काय? वाल्या घरी जाऊन विचारतो, आणि बायकामुले सांगतात की, तुझ्या मिळकतीत आमचा वाटा आहे, पापात नाही. कथेचा रोख वाल्याच्या पश्चात्तापाकडे असल्याने ऐकणारा ह्या उत्तरावर फार वेळ थांबत नाही. परंतु आमच्या आजच्या प्रश्नाचे मूळ ह्याच उत्तरात आहे. सोळा वर्षांचा मुलगा चोरी करतो, तेव्हा त्या पापाचे वाटेकरी कोण? तो एकटा, त्याचे आईबाप, की त्यांच्या पलीकडेही आणखी कोणी?

पहिले उत्तर सोपे आहे : ज्याने केले त्याने भरावे. ते अगदीच टाकाऊ नाही; त्याकडे आपण पुढे वळू. दुसरे उत्तर मध्यमवर्गास विशेष प्रिय आहे, आणि ते एका शब्दात सांगता येते : संस्कार. हा शब्द आम्ही स्वतःच्या मुलांच्या बाबतीत अलंकारासारखा वापरतो व दुसऱ्याच्या मुलांच्या बाबतीत आरोपपत्रासारखा. तथापि शब्दाचा दुरुपयोग होतो म्हणून त्यामागील कल्पना खोटी ठरत नाही. अमेरिकेत शेल्डन व एलिनॉर ग्लूक ह्या दांपत्याने बोस्टनमधील ५०० गुन्हेगार मुले व त्यांच्याशी वय, बुद्धी, वंश व वस्ती ह्या बाबतींत जुळणारी ५०० निरपराध मुले घेऊन वर्षानुवर्षे तुलना केली व १९५० साली तिचे फळ प्रसिद्ध केले. मुलावर देखरेख आहे की नाही, शिस्त एकसारखी आहे की लहरी, आईबापांचा त्याच्यावर जीव आहे की नाही, ह्या गोष्टींत दोन गटांचे अंतर फार मोठे आढळले. लंडनमध्ये डोनाल्ड वेस्ट व पुढे डेव्हिड फॅरिंग्टन ह्यांनी १९६१ पासून ४११ मुलांचा त्यांच्या उतारवयापर्यंत मागोवा घेतला. त्यात सहा टक्क्यांहून कमी कुटुंबांच्या वाट्यास एकूण शिक्षांपैकी सुमारे निम्म्या शिक्षा आल्या होत्या. तेव्हा घराचा संबंध आहे, आणि तो घनिष्ठ आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु ह्या वाक्यावर थांबणे फार धोक्याचे आहे, आणि ते किती धोक्याचे आहे हे आमच्या देशाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असू नये. गुन्हेगारी काही घराण्यांतच असते, ह्या समजुतीवर ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा उभारला. संपूर्ण जमाती जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. त्यांना हजेरी लावण्यात आली, तारेच्या कुंपणात वसविण्यात आले. सोलापुरातील 'सेटलमेंट' हे नाव त्या काळाची खूण म्हणून अद्याप लोकांच्या तोंडी आहे. कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला, परंतु त्याने लावलेला डाग पारधी, कैकाडी, भामटा ह्यांच्या नातवंडांवरून अजून पुसला गेलेला नाही. घराचा मुलावर परिणाम होतो, हे एक विधान. घर हेच दोषी आहे, हे अगदी निराळे विधान. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारावयास एक क्षण पुरतो. मारल्यानंतर परतावयास पिढ्या लागतात.

मग घर आपले बळ गमावते ते कशाने? ह्या प्रश्नास शिकागोच्या संशोधकांनी जे उत्तर दिले ते आम्हांस महत्त्वाचे वाटते. क्लिफर्ड शॉ व हेन्री मॅके ह्यांनी शहराच्या नकाशावर बालगुन्हेगारांची घरे खुणांनी दाखविली व १९४२ साली ते काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. काही वस्त्यांत गुन्ह्याचे प्रमाण दशकानुदशके चढेच राहिले; आणि नवल असे की, त्या वस्त्यांतील माणसे मात्र पार बदलत गेली होती. एका देशाचे लोक येत, स्थिरावत, बरे दिवस आले की अन्यत्र जात, आणि तेथे गेल्यावर त्यांच्या मुलांतील गुन्हे कमी होत. तेव्हा दोष रक्तात असता तर तो माणसांबरोबर गेला असता. तो वस्तीत राहिला. ग्लूक दांपत्याची कागदपत्रे हार्वर्डच्या ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांत पडून होती. सॅम्पसन व लॉब ह्या दोघांनी ती बाहेर काढून नव्या गणिताने तपासली व १९९३ साली एक निष्कर्ष मांडला, तो असा : दारिद्र्य मुलास थेट गुन्हेगार करीत नाही, ते आधी घराची पकड सैल करते, आणि सैल पकडीतून मूल निसटते. म्हणजे बाहेरचे वारे मुलास लागते ते घराच्या दारातूनच.

ह्या निष्कर्षाचा पुरावा पाहावयास शिकागोस किंवा बोस्टनला जावयास नको. मुंबईचे गिरणगाव जवळ आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मिटल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर पिढीजात चालत आलेली एक व्यवस्था विरून गेली. त्या व्यवस्थेत मुलगा काय करील, हा प्रश्न फारसा पडत नसे. बाप ज्या खात्यात, त्या खात्यात मुलगा बदली कामगार म्हणून लागे. चाळीत व्यायामशाळा, भजनीमंडळ, गणेशोत्सव, खानावळ, युनियनची कचेरी अशी दहा ठिकाणे होती, आणि प्रत्येक ठिकाणी मुलास नावाने ओळखणारे कोणी तरी वडीलधारे माणूस होते. संपानंतर बाप घरी बसला. ज्याच्या पगाराच्या दिवशी घरात चैतन्य येई, तो बाप आता बायकोच्या पोळीभाजीच्या डब्यांवर जगू लागला. त्याच्या शब्दाची किंमत उतरली. त्याने मुलास मारले असेल, पण त्याला धाक उरला नाही. नीरा आडारकर व मीना मेनन ह्यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून त्यांचा जो इतिहास लिहून घेतला, तो वाचणाऱ्यास ही पडझड घराघरातून ऐकू येते. मध्य मुंबईतील टोळ्यांना त्या दशकात पोरांची वाण पडली नाही, ह्याचे कारण शोधावयास फार लांब जावे लागत नाही.

आणि तरीही प्रत्येक घरातील प्रत्येक मुलगा टोळीत गेला नाही. जयंत पवार ह्यांच्या 'अधांतर' नाटकात संपाने मोडलेल्या एकाच घरात तीन भाऊ आहेत. एकास लेखक व्हावयाचे आहे, दुसऱ्यास क्रिकेटचे वेड आहे, आणि तिसरा, नरू, टोळीच्या वाटेने जातो व जिवास मुकतो. आई तीच, उपासमार तीच. नाटककाराने दोष कोणाच्या माथी मारलेला नाही. आणि संशोधनही ह्याहून अधिक काही सांगू शकत नाही. ते शंभर मुलांविषयी बोलते. त्या शंभरांतील आपल्या जिन्यावरचा मुलगा कोणता, हे त्याला सांगता येत नाही. त्याच्यासाठी त्याला ओळखणारे माणूस लागते.

आता मांजर्लीकडे परत येऊ. गिरणगावातील कित्येक कुटुंबे पुढे डोंबिवली, बदलापूर, विरार अशी लांब लांब पांगली, हा योगायोग विसरता येत नाही. येथे बाप बेकार नाही. उलट तो इतके काम करतो की घरी नसतो. त्याचा शब्द मानला जात नाही असे नाही. शब्द बोलावयास तो हजरच नसतो. मुलगा शाळेतून येतो तेव्हा कुलूप असते. आठ तासांनी ते उघडते. ह्या आठ तासांत त्याला भूक लागते, त्याचा कोणाशी तंटा होतो, त्याचा गणिताचा निकाल लागतो. हे सर्व कोणाला तरी सांगावयाचे असते. कट्ट्यावर ऐकणारे असतात.

कट्ट्यावरची मुले म्हणजे टोळी असे मात्र आम्ही म्हणत नाही. फ्रेडरिक थ्रॅशर ह्याने १९२७ साली शिकागोतील १,३१३ टोळ्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत त्याने दाखविले की, टोळी बहुधा खेळगड्यांच्या मेळ्यातूनच आपोआप उपजते; बाहेरच्याशी संघर्ष झाला की ती घट्ट होते. म्हणजे ज्या मातीचा आट्यापाट्यांचा संघ, त्याच मातीची टोळी. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापूर पश्चिमेच्या सखल वस्त्यांत शिरले, तेव्हा छातीभर पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन ज्यांनी बाहेर काढले, त्यांत कट्ट्यावरची पोरे होती. सभ्य गृहस्थांपैकी आम्ही पुष्कळजण गच्चीवर होतो. त्या दोन दिवसांत ह्या पोरांना वस्तीचे काम मिळाले व ते त्यांनी उत्तम केले. पाणी ओसरल्यावर त्यांना पुन्हा कोणी काही सांगितले नाही. पुण्यात अलीकडच्या वर्षांत हातात कोयता घेऊन दहशत घालणाऱ्या पोरांस 'कोयता गँग' हे नाव पडले, आणि पकडलेल्यांत अल्पवयीन मुले पुष्कळ निघाली. त्या बातम्या वाचताना आम्हांस वाटते की, ह्या हातांस कोयता सापडण्यापूर्वी दुसरे काय सापडले होते, हे कोणी विचारले नाही.

ट्रॅव्हिस हर्शी ह्या अभ्यासकाने १९६९ साली एक मार्मिक गोष्ट मांडली. मोहाच्या क्षणी बाप शेजारी उभा असण्याची गरज नसते. तो मुलाच्या मनात उभा असावा लागतो. आपण कोठे आहो हे आईला ठाऊक आहे, असे ज्या मुलास वाटते, त्याच्यापाशी आई सदैव असते. ह्यामुळे लोकलमधून जाणाऱ्या आईबापांना थोडा धीर येईल. तासांचा हिशेब सर्वस्वी त्यांच्या हाती नाही. परंतु मुलाच्या दिवसाची हकीकत ठाऊक असणे पुष्कळ अंशी आहे. मात्र पहाटे पाचला निघून रात्री दहाला जेवणाऱ्या माणसापाशी हकीकत ऐकावयास कान उरतात काय, हा प्रश्न राहतोच. आणि तेथेच शेजाऱ्याचे काम सुरू होते.

शेजाऱ्याने, शासनाने किंवा दयाळू मंडळींनी हात द्यावा म्हणजे काय करावे? सदिच्छा पुरेशी नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मॅसॅच्युसेट्स प्रांतात डॉ. रिचर्ड कॅबट ह्यांच्या प्रेरणेने १९३९ मध्ये ५०६ मुलांचा एक प्रयोग आरंभिला गेला. त्यांपैकी निम्म्यांस सल्लागार दिले. ते घरी जात, शिकवीत, उपचार करवीत, उन्हाळी शिबिरांस पाठवीत. उरलेल्या निम्म्यांस काहीच दिले नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड ह्यांनी त्या सर्वांचा शोध घेतला. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोक म्हणाले की, तिचा आम्हांस उपयोग झाला. परंतु प्रत्यक्षात गुन्हे, मद्यासक्ती व अकाली मृत्यू ह्या बाबतींत त्यांची स्थिती मदत न मिळालेल्यांपेक्षा काहीशी वाईटच निघाली. हा १९७८ चा अहवाल वाचून कोणाही परोपकारी माणसाची झोप उडावी. पुढील चिकित्सेत एक कारण असे दिसले की, जी मुले वारंवार शिबिरास गेली त्यांचेच नुकसान अधिक झाले. बिघडू लागलेल्या मुलांस एकत्र गोळा करणे म्हणजे त्यांना आयती टोळी करून देणे होय. उलट न्यूयॉर्क राज्यातील एलमायरा गावी डेव्हिड ओल्ड्स ह्यांनी १९७७ च्या सुमारास जे केले ते फार साधे होते. गरीब, पहिलटकरीण आयांकडे गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत एक परिचारिका नियमाने घरी जाई. पंधरा वर्षांनी पाहता, ज्यांच्या आया अगदी निराधार होत्या त्यांतील मुलांच्या अटकांचे प्रमाण कमी आढळले. परिचारिकेने मूल उचलून नेले नाही. आईचा हात बळकट केला. दोन प्रयोगांवरून सिद्धान्त उभा राहत नाही. तरी घराची जागा घेऊ पाहणारी मदत व घरास टेकू देणारी मदत ह्या दोहोंत भेद आहे, एवढे त्यांवरून दिसते.

आमच्या कायद्यानेही हा भेद हळूहळू ओळखला. मुंबईत डेव्हिड ससून ह्यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासून आहे. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ चा, आणि तो राबविण्यासाठी निघालेली चिल्ड्रेन्स एड सोसायटी १९२७ ची. मुलास तुरुंगातून सोडवून संस्थेत नेणे, ही त्या काळची मोठी मजल होती. २०१५ चा बाल न्याय कायदा त्यापुढे जाऊन म्हणतो की, मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची व संस्था हा शेवटचा उपाय. कायद्याच्या भाषेत असा मुलगा 'गुन्हेगार' नसून 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतो. हा शब्द बोजड खरा, पण त्यामागील बुद्धी चांगली आहे. जामीन हा नियम आहे; मात्र सुटल्यावर मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असे वाटले तर तो नाकारता येतो. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, आणि ती वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले. मुलास परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा एखाद्या 'योग्य व्यक्ती'च्या हवाली करता येते. म्हणजे शेजाऱ्याच्या मुलासाठी पुढे येणाऱ्या माणसास कायद्याने जागा राखून ठेवली आहे. आमची जागा रिकामी होती. ती आम्ही रिकामी ठेवली.

ही जागा कोणास सहज मिळते, हेही पाहण्यासारखे आहे. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मृत्यू पावले. त्याच दिवशी मुलास जामीन मिळाला. आजोबांची हमी व ३०० शब्दांचा निबंध ह्या अटींवरून देशभर संताप उसळला व पुढे त्यास निरीक्षणगृहात धाडण्यात आले. जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याची सुटका करून त्यास आत्याच्या हवाली केले, कारण आईवडील व आजोबा स्वतःच त्या प्रकरणांत अटकेत होते. न्यायालयाने कायद्यास धरूनच केले, असे आमचे मत आहे. परंतु ज्या मुलास उच्च न्यायालयापर्यंत जाणारी आत्या नाही, त्याने काय करावे? त्यास 'दादा' असतो.

येथे कोणी म्हणेल की, हे सर्व मुलाच्या बाजूने झाले; ज्याची चोरी झाली त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे. ती मोटारसायकल घरपोच जिन्नस पोचविणाऱ्या एका तरुणाची होती. ती पोलिसांकडून परत मिळेपर्यंत त्याची रोजी बुडाली. तोही कोणाचा तरी मुलगाच. मुलाने केले त्याचे उत्तर मुलाने दिले पाहिजे, हे पहिले उत्तर म्हणूनच आम्ही टाकाऊ मानले नाही. परंतु उत्तर द्यावयाचे ते कोणाला तरी द्यावे लागते. लाज वाटावयास ज्याच्यासमोर वाटेल असे माणूस हवे. ज्या मुलाला वस्तीत 'दादा'वाचून कोणी विचारीत नाही, त्याला चोरीची लाज कोणासमोर वाटणार? 'दादा'समोर तर ती मर्दुमकी ठरते. तेव्हा मुलास जबाबदार धरावयाचे तरी त्याला आपला म्हणावे लागते; परक्याला फक्त शिक्षा करता येते.

दुसरा आक्षेप असा की, शेजाऱ्यांनी इतरांच्या मुलांत लक्ष घालण्याचे ते जुने दिवस गेले, आणि गेले ते बरे झाले. वाडीतल्या कोणाही म्हाताऱ्याने कोणाच्याही मुलाचा कान पिळावा, हे दिवस आम्ही पाहिले आहेत. त्या नजरेत माया होती, तशी जातही होती. काही मुलांचे कान अधिक जोराने पिळले जात व काहींना अंगणातच येऊ देत नसत. ते दिवस परत यावेत असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की, कान पिळण्याचा हक्क सोडताना आम्ही विचारपूस करण्याचे कर्तव्यही सोडून दिले, आणि त्या सोयीस खाजगीपणाचा मान राखणे असे नाव दिले.

वाल्याच्या कथेत आम्हांस आता एक गोष्ट निराळी दिसते. घरच्यांनी पापाचा वाटा नाकारला, हे खरे. परंतु त्यास वळण लागले ते घरच्या माणसामुळे नव्हे. रस्त्याने जाणारा एक परका माणूस त्याच्यापाशी थांबला, त्याला घाबरला नाही, त्याच्याशी बोलला, आणि तो घरी विचारून परत येईपर्यंत तेथेच थांबून राहिला. त्या मुलाने 'सर' म्हणून उभे राहावे आणि आम्ही मान हलवून पुढे जावे, असे तीन वर्षे चालले होते. 'दादा' मात्र तेथे थांबत होता. त्याने वकील दिला तो काही धर्म म्हणून नाही. ते कर्ज आहे, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलापाशी ते फेडावयास आपला वेळ व आपले हात ह्यांवाचून काही नाही. हे कर्ज त्याच्यावर चढले, त्यात आमचा वाटा आहे.

मुलाचे प्रकरण अद्याप मंडळापुढे चालू आहे. गेल्या रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील रात्रपाळी करून निजले होते; आईने चहा केला. पुढील तारखेस भिवंडीस आम्ही बरोबर येऊ, असे सांगितले, तेव्हा त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "त्याला विचारते, सर." मुलगा घरात नव्हता. तो आम्हांस बरोबर येऊ देईल की नाही, हे आज सांगवत नाही. आणि त्याने नको म्हटले, तर त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही.